बादलीतले बेडूक आणि गायमुखचा घाट

आमच्या घरच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फोटो फिरतो. खाली सुसाट हायवे, वरून झाडाझुडपांनी भरलेला हिरवागार पूल, आणि सोबत मजकूर: ‘बघा, परदेशात जनावरांसाठी पूल बांधतात, आपल्याकडे माणसांना धड रस्ता नाही.’ मी नेदरलँड्समध्ये, हिल्व्हर्सम गावाजवळ राहतो, त्यामुळे फोटो फिरत फिरत शेवटी माझ्यावर येऊन थांबतो. ‘तुमच्याकडचाच ना रे हा?’ कधी असतो आमच्याकडचा. बहुतेक वेळा कॅनडातला असतो.

या खेपेला निमित्त होतं ठाण्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने जाणाऱ्या घोडबंदर रोडचं. सेवा रस्ते मुख्य रस्त्यात घ्यायचे की नाही, ठाणे-बोरिवली बोगद्याने डोंगराचं काय होणार, गायमुख घाट किती वेळा खणायचा, हे सगळं एकात एक मिसळून वाद पेटला होता. एक मावसबहीण उद्यानातल्या बिबट्याच्या बाजूने, दादा ट्रॅफिकच्या बाजूने. मी मध्येच शहाणपणा करून ‘प्राण्यांना ओलांडायला जागा ठेवल्याशिवाय रस्ता वाढवूच नये’ असं लिहिलं. दादाचं उत्तर लगेच आलं: ‘तुला काय जातंय तिकडून सांगायला? रोज संध्याकाळी गायमुखला दीड तास उभा राहून दाखव, मग बिबट्याचं बोल.’

दादा कासारवडवलीला राहतो, नोकरी मीरा रोडला. त्याचं म्हणणं खोटं नाही. न्हावाशेव्याकडून गुजरातेत जाणारे कंटेनर, मेट्रोचे खांब, पावसाळ्यात उखडलेला घाट, या सगळ्यातून तो रोज जातो. मी मात्र सायकलवर स्टेशन गाठतो. परदेशात बसून घरच्या रस्त्यांवर मत देणाऱ्याने आधी हा हिशोब मांडावा, हे मला मान्य आहे.

दुसरी कबुलीही देऊन टाकतो. इकडे येण्याआधीची गोष्ट. बोरिवलीहून रात्री साडेअकराला परत येत होतो. चेण्याच्या अलीकडे डावीकडून काहीतरी लांबट, बुटकं धावत आलं. उदमांजर असावं. चाकाखाली आलेला तो मऊ धक्का अजून हाताला आठवतो. मागे ट्रक होता म्हणून थांबलो नाही, असं मी स्वतःला सांगतो. ट्रक होता हे खरं, पण नसता तरी थांबलो असतो का, कोण जाणे. तेव्हा वेग ऐंशीच्या आसपास होता. ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते, आणि डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद सरतो. चाळीसवर हेच अंतर अकरा मीटर होतं. उदमांजराला तेवढी जागा पुरली असती.

तर, तो फोटोतला पूल. आमच्या जवळचा पूल क्रायलोचा. २००६ साली झाला. ८०० मीटर लांब, ५० मीटर रुंद. खालून रेल्वे जाते, रस्ता जातो, खेळाची मैदानं आहेत. मी पहिल्यांदा मोठ्या उत्साहाने बघायला गेलो आणि पार हिरमुसलो. वर दिसण्यासारखं काहीच नाही. माळरान, खुरटी झुडपं, बाजूने चालायला नि सायकलला वाट. खालून गाडी गेल्याचा आवाज आला तेव्हा कळलं की आपण पुलावर उभे आहोत. ज्या हरणासाठी हे केलं त्यालाही असंच वाटत असणार, म्हणून तर ते ओलांडतं.

‘त्यांच्याकडे जागा आहे’ हे आपलं ठरलेलं वाक्य. जागा कसली? या देशात दर चौरस किलोमीटरला पाचशेहून जास्त माणसं राहतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा ३६५ होता. पैसा आहे, हे मात्र खरं. आणि इथली माणसं संत आहेत असंही नाही. सशाच्या पुलावर एवढे कोटी कशाला, हा प्रश्न इथेही विचारला जातो. लांडगा दीडेकशे वर्षांनी परत आला, २०१९मध्ये इथे पिल्लंही झाली, तेव्हापासून त्याच्यावरून जी हमरीतुमरी चालते ती ऐकली की आपला बिबट्याचा वाद सभ्य वाटतो.

इथल्या लोकांना अक्कल आली तीही उशिरा. पाणमांजर इथे एकेकाळी सगळीकडे होतं. प्रदूषण, शिकार आणि रस्ते यांनी ते संपत गेलं आणि शेवटचं ज्ञात पाणमांजर १९८८मध्ये फ्रीसलंड प्रांतात गाडीखाली मेलं. देशातल्या एका प्राण्याचा शेवट रस्त्यावर, टायरखाली! गंमत अशी, की प्राण्यांसाठीचे इथले पहिले हिरवे पूल त्याच वर्षी ए-५० हायवेवर तयार झाले. म्हणजे एका हाताने पूल बांधत होते आणि दुसरीकडे पाणमांजर संपत होतं. २००२पासून बाहेरून पाणमांजरं आणून पुन्हा सोडली. ती वाढली, पसरली, आणि आजही त्यांच्या मरणाचं सगळ्यात मोठं कारण रस्ताच आहे.

पाणमांजराला कुणी ८०० मीटरचा पूल बांधत नाही. त्याच्यासाठी काय करतात हे मला खूप उशिरा कळलं. रस्त्याखाली ओढ्याची मोरी असते ना, तिच्यात पाण्याच्या वर, भिंतीला लागून, एक अरुंद फळी बसवतात. बस्स, एक फळी. पाणी चढलं किंवा पाण्याची ओढ त्याला नको वाटली की पाणमांजर मोरीतून न जाता वर चढून डांबर ओलांडतं आणि मरतं. फळी असली की त्या कोरड्या वाटेने खालून निघून जातं. मुंगसासारखा दिसणारा इथला विझल, उंदीर, सगळ्यांची सोय होते. तोंडाशी थोडं कुंपण लावायचं, म्हणजे प्राणी आपोआप मोरीकडे वळतात. या फळीचा फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि बादली. फेब्रुवारी-मार्चमध्ये थंडी किंचित सरते, एखादी ओली, जरा उबदार संध्याकाळ येते, आणि रानात झोपलेले बेडूक अंडी घालायला तळ्याकडे निघतात. मध्ये रस्ता. आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी पहिल्या वर्षी मला दारातूनच पिवळं जाकीट आणि बादली दिली, ‘येतोस ना?’ म्हणाल्या. रस्त्याच्या कडेला गुडघ्याखालपर्यंत येणारी जाळी, जाळीलगत जमिनीत पुरलेल्या बादल्या. बेडूक जाळीला अडतो, कडेकडेने सरकतो, बादलीत पडतो. आपण तो उचलायचा, पलीकडे नेऊन सोडायचा. हात आधी ओले करायचे, कोरड्या हाताने त्याची कातडी दुखावते. मादीच्या पाठीवर नर घट्ट बसलेला असतो, त्यांना सोडवायचं नाही, जोडीनेच न्यायचं. पावसात, बोटं बधिर, रात्री नऊ वाजता. आपल्याकडे पाऊस पडावा म्हणून बेडूक बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरायचे, तेच मला आठवत होतं. इथे पाऊस पडला म्हणून बेडूक घेऊन फिरतात.

पण मला त्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते शेवटचं. बाई खिशातून भिजकी वही काढतात आणि लिहितात: जिवंत किती, मेलेले किती, कुठल्या खांबाजवळ. दरवर्षी. जाळी कुठे लावायची, कुठला रस्ता संध्याकाळी बंद ठेवायचा, हे गावची नगरपालिका त्या आकड्यांवरून ठरवते. तिथे जाऊन कुणी ‘निसर्गाचा ऱ्हास’ म्हणत नाही. ‘बावीस नंबरच्या खांबापाशी एकतीस’ म्हणतं.

आपल्या वादात मला हेच दिसत नाही. बोगदा हवा की बिबट्या, एवढंच चालतं. माझं मत विचाराल तर बोगद्यावर जेवढा आरडाओरडा होतो तेवढा त्याने बिबट्याचा रस्ता तोडला जात नाही. तोंडाशी झाडं जातात, पाण्याचे प्रश्न येतात, तिथल्या रहिवाशांचे हाल होतात, ते सगळं खरं. पण वरचा डोंगर डोंगर राहतो. खरी मेख आहे ती जमिनीवरच्या रस्त्यात, गायमुखपासून पुढे. एका अंगाला उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी, आणि खाडीपलीकडे नागला नि तुंगारेश्वरचं रान. उद्यान सगळं मिळून शंभरेक चौरस किलोमीटर. तिथला वयात आलेला नर बिबट्या स्वतःची हद्द शोधायला बाहेर निघणारच. आजोबा नावाचा बिबट्या आठवतो? २००९मध्ये कॉलर लावून माळशेजला सोडला, आणि महिन्याभरात सव्वाशेएक किलोमीटर चालत मुंबईच्या दारात आला. २०११च्या डिसेंबरमध्ये तो गाडीखालीच गेला.

त्या रस्त्यावर दुभाजकाची काँक्रीटची भिंत जिथे जिथे आहे तिथे प्राणी अर्ध्यात अडकतो, गोंधळतो, मागे वळतो आणि दोनदा मरणाच्या समोर येतो. भिंतीत दर काही अंतरावर फट ठेवायला किती पैसे लागतात? उद्यानातल्या येऊरच्या डोंगरातून खाडीकडे जाणारे ओढे रस्त्याखालून मोऱ्यांमधून जातात. मागच्या सुट्टीत मी आणि दादा त्यातल्या तीन मोऱ्या बघून आलो (तो कुरकुरत आला, पण आला). दोन प्लास्टिकने आणि राडारोड्याने निम्म्याहून जास्त भरलेल्या. तिसऱ्या मोरीच्या तोंडाशी ढाब्याचा उष्टा भात आणि हाडं, त्यावर पाच-सहा कुत्री. कुत्री आली की मागोमाग बिबट्या येणार, आणि तोही रस्त्याच्या कडेलाच. दादा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘हे साफ करायला हिरवा पूल कशाला लागतो?’

आपल्याला मोठं काम जमत नाही असंही नाही. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-सिवनी हायवेखाली, कोर्टकचेऱ्यांनंतर का होईना, महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उंच उचलून प्राण्यांना खालून वाट दिली. त्यातली एक तर ७५० मीटरची आहे. मार्च ते डिसेंबर २०१९मध्ये कॅमेरे लावून मोजलं तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी त्या वाटांनी गेलेले दिसले. ११ वाघांनी मिळून ८९ वेळा रस्ता ओलांडला. तिथेही मोजलं म्हणून कळलं. घोडबंदरला प्राण्यांच्या वाटेची चर्चा मी ठाण्यात होतो तेव्हापासून ऐकतोय. ती होईल तेव्हा होवो. तोवर रात्री वेग कमी ठेवणारे उंचवटे, साफ मोऱ्या, कचऱ्याला बंदी आणि एक वही, यातल्या कशाला मंत्रालयातून मंजुरी यायला हवी?

वहीचं मात्र सुरू झालंय. आमचे बाबा सत्तरी पार केलेले, रोज पहाटे उपवनवरून येऊरच्या चढाला फिरायला जातात. त्यांना मी बेडकांच्या बादलीचं सांगितलं तेव्हा खूप हसले. रात्री उशिरा पार्ट्यांहून उतरणाऱ्या गाड्यांबद्दल त्यांचा राग जुना आहे, बहुधा त्याच रागापोटी त्यांनी जूनमध्ये एक छोटी डायरी विकत घेतली. गेल्या मंगळवारी सकाळी त्यांचा मेसेज आला, नेहमीप्रमाणे पूर्णविराम न देता (मुठे म्हणजे खेकडे, नानेटी म्हणजे एक बिनविषारी साप):

‘रात्रभर पाऊस गेटपासून दुसऱ्या वळणापर्यंत बेडूक ९ मुठे ४ नानेटी १ एक नानेटी जिवंत होती काठीने बाजूला केली तुझी आई म्हणते साप हाताळू नका’