पडदा उघडल्यानंतर नाटक कोणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रयोग सुरू झाल्यावर प्रमुख रंगमंच व्यवस्थापक, म्हणजे प्रयोगावेळी पडद्यामागचं सगळं सांभाळणारा माणूस, असावा आणि बॅकस्टेजची खाती वेगळी असावीत, या माझ्या म्हणण्यावर ‘नाटक दिग्दर्शकाचं असतं, त्यामुळे शेवटच्या प्रयोगापर्यंत प्रमुख तोच, आणि बॅकस्टेजची खाती निव्वळ कागदी, आपल्याकडे एकच माणूस चार कामं करतो,’ असं आपण लिहिलंत. पहिला आक्षेप मला अर्धा मान्य आहे, दुसरा अजिबात नाही.

शुभारंभापर्यंत शेवटचा शब्द दिग्दर्शकाचा, यात वाद नाही. पण पंचविसाव्या प्रयोगाला तो विंगेत नसतो, दुसऱ्या नाटकाच्या तालमीत असतो. नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकारही नसतात. असतात ते सेट लावणारे, लाइट आणि म्युझिकचे ऑपरेटर. आता समजा, दुपारचा प्रयोग दादरला शिवाजी मंदिरात आणि रात्रीचा ठाण्याला गडकरी रंगायतनमध्ये आहे आणि टेम्पो वाटेत अडकला. मागची लेव्हल, म्हणजे सेटमधला उंच चौथरा, न लावता प्रयोग करायचा का? ती गाळली, तर दुसऱ्या अंकातली एंट्री कुठून? तिथला स्पॉट कुठे वळवायचा? सेट, लाइट आणि नट अशा तिघांना मिळून एकच उत्तर हवं असतं आणि तेही दहा मिनिटांत. ते रंगमंच व्यवस्थापकानेच द्यायला हवं. फोनवरून दिग्दर्शकाने एक सांगितलं आणि निर्मात्याने दुसरं, की नट अंधारात उभा राहतो.

तिसरी घंटाही तशीच. दाराशी रांग आहे का, हे बुकिंगवरच्या माणसाला दिसतं; नट तयार आहेत का, हे आतल्याला. दोघांचा होकार एकाच माणसाकडे यायला हवा आणि घंटा त्यानेच द्यायला हवी.

खात्यांबद्दल. माणूस एक असला तरी याद्या दोन हव्यात. कपडे आदल्या दिवशी तपासायचे, कारण इस्त्री आणि तुटलेलं बटण यांना वेळ लागतो. प्रॉपर्टी, म्हणजे नट हाताळतात त्या वस्तू, मात्र प्रत्येक अंकाआधी, टेबलावर मांडून, यादीवर खूण करत तपासायची. दोन्ही एकाच यादीत घातलं, की दुसऱ्या अंकातलं पत्र हमखास बॅगेतच राहतं. सेटचंही तसंच: प्रत्येक फ्लॅटच्या, म्हणजे सेटच्या सुट्या भिंतीच्या, मागे क्रमांक, आणि जे आधी उभं करायचं ते टेम्पोत सर्वांत शेवटी चढवायचं.

जुन्या नाटक मंडळींत हा घोळ कमी असे, कारण सगळे पगारावर आणि एकाच बिऱ्हाडात राहत. तरी मालकीचे प्रश्न तिथेही होतेच. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्या भागीदारीत उभी राहिली. पुढे टेंबे आणि बोडस दोघेही बाहेर पडले. आज बहुतेकांचं मानधन प्रयोगागणिक, म्हणजे नाइटवर. एकच ऑपरेटर तीन नाटकं सांभाळतो. म्हणूनच क्यू-शीट, म्हणजे कोणत्या वाक्याला कोणता लाइट आणि कोणतं म्युझिक याची यादी, लिहिलेली हवी, ऑपरेटरच्या डोक्यात असून भागत नाही.

आता आपलं जे अर्धं खरं आहे त्याकडे येतो. दिग्दर्शक पूर्ण बाजूला झाला, की प्रयोग पसरतो. हशा आला की नट थांबायला लागतात, पदरची वाक्यं घालतात. ती सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाने प्रयोगासाठी मंजूर केलेल्या संहितेत नसतात, हे वेगळंच. रिप्लेसमेंटला, म्हणजे मूळ नटाच्या जागी, आलेला नट व्हिडिओ बघून हालचाली उचलतो, पण ती हालचाल का, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. यासाठी रंगमंच व्यवस्थापकाने दर प्रयोगाला प्रत्येक अंकाची वेळ वहीत टिपावी. अंक पाच मिनिटांनी वाढला, की दिग्दर्शकाला बोलवावं. आणि रिप्लेसमेंटच्या तालमी दिग्दर्शकच घेईल, त्यांचं मानधन निर्माता वेगळं देईल, ही ओळ करारात पहिल्याच दिवशी घालून घ्यावी.