फॉर्मालिननं सगळं मरतं म्हणे!

ग्रुपाग्रुपात एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे मेडिकल कॉलेजवाले देहदानाच्या वेळी एचआयव्ही, कावीळ, टीबी विचारतात तो नातेवाइकांना पिटाळायचा बहाणा, बॉडी टिकवायचं फॉर्मालिन हे रसायन भरल्यावर कुठला जंतू जगतो, निगेटिव्ह रिपोर्ट तोंडावर मारा, आणि फॉर्म भरलाय म्हणजे त्यांना बॉडी घ्यावीच लागते.

अहो पण फॉर्मालिन भरतं कोण? ॲनाटॉमीचा माणूस मांडीतली नाहीतर मानेतली धमनी कापून नळी घालतो, तेव्हाच ते आत जातं, आणि तोवर बॉडीतलं रक्त आहे तसंच असतं. फ्रीजमध्ये ठेवलेल्या मृतदेहांतून दोन आठवड्यांनंतरही जिवंत एचआयव्ही मिळालाय, काविळीचा हेपटायटिस बी व्हायरस तर सुकलेल्या रक्तात आठवडाभर टिकतो. फॉरवर्डवाल्याला हा माणूस दिसतच नाही.

बरं, नंतर तरी सगळं मरतं का? बहुतेक मरतं, खरंय. पण गुठळ्या असल्या की द्रव तिकडे पोचतच नाही, आणि फॉर्मालिनमधल्या फुफ्फुसांतूनही टीबीचे जंतू जिवंत निघाल्याची नोंद आहे. सीजेडी हा मेंदूचा दुर्मिळ आजार ज्या प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो तो तर फॉर्मालिनला दादच देत नाही, पॅथॉलॉजीवाले त्याच्यासाठी फॉर्मिक ॲसिड वापरतात. शिवाय सर्जनांच्या ट्रेनिंगला फ्रोझन बॉडी असते तिथं फॉर्मालिनच नाही, आणि गोठवून व्हायरस मरतो असं समजू नका.

रिपोर्टचं म्हणाल तर नुकतीच लागण झालेली असली की टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. मेल्यावर रक्त तपासावं तर लाल पेशी फुटलेल्या, किट बनवलेलं जिवंत माणसाच्या रक्तासाठी, रिझल्ट दोन्हीकडे चुकू शकतो. म्हणून टेस्टसोबत आजारपणाचे कागदही बघावे लागतात. (कॉलेजांनाही एक ऐकवतो, रिपोर्ट काहीही असो, ग्लोव्हज हवेतच आणि त्या अटेंडंटला हेपटायटिस बीची लस दिलीय का ते बघा, कारण एचआयव्ही आणि हेपटायटिस सीवर लसच नाहीये.)

राहिला फॉर्म. ती इच्छा झाली, कॉलेजवर सक्ती नाही. पोलीस केस असेल, पोस्टमॉर्टेम झालं असेल तरी बॉडी सहसा घेत नाहीत. 2020 मध्ये तर केंद्राच्या आरोग्य खात्यानंच कोविडच्या मृतदेहांचं एम्बाल्मिंग, म्हणजे हेच रसायन भरणं, करू नका म्हणून सांगितलं होतं.

तेव्हा फॉर्म भरतानाच कॉलेजला नियम विचारा, जमलं तर दुसऱ्या कॉलेजचाही नंबर ठेवा, आणि डिस्चार्ज कार्डं त्याच फायलीत लावून ठेवा, ऐन वेळी कपाटं उपसायला नकोत.