शुक्रावर यानं उतरली होती, आणि ती वितळली नाहीत

"शुक्रावर ४६० अंश सेल्सिअस तापमान असतं. तिथे शिसं वितळतं. मग कॅमेरा कसा टिकला? जरा विचार करा!" अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. पुढे मुद्द्यांची रांग आहे. कापडी पॅराशूट आम्लाच्या ढगांत जळून जाईल. जाड ढगांतून रेडिओ संदेश बाहेर येणारच नाही. गुरूच्या वातावरणात सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने शिरलेल्या वस्तूची राख होईल. फोटो स्टुडिओतले आहेत. रशियाने खोटं बोलल्याची कबुली दिली आहे. खरंच उतरले होते तर १९८५ नंतर कुणी का उतरलं नाही? आणि शेवटी, "शाळेत मुलांना हेच खोटं शिकवतात."

माझ्या भाच्याने शाळेच्या प्रकल्पासाठी, सोव्हिएत संघाने शुक्रावर पाठवलेली व्हेनेरा यानं हा विषय घेतला होता. घरच्या ग्रुपवर एका वडीलधाऱ्यांनी हा मेसेज टाकून त्याला लिहिलं, "आधी खरं काय ते वाच." पोराने दुसऱ्या दिवशी विषय बदलला. वडीलधाऱ्यांचा मान आहेच, पण दहावीतल्या मुलाचं कुतूहल असं विझवलेलं मला सहन होत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी तापमान, कारण सगळा मेसेज याच एका खुंटीला टांगलेला आहे. आकडा बरोबर आहे. शुक्राच्या पृष्ठभागावर ४६० अंशांच्या आसपास तापमान असतं आणि दाब पृथ्वीच्या नव्वदपट. शिसं ३२७ अंशांना वितळतं हेही खरं. पण यान शिशाचं केलं होतं असं कोण म्हणालं? सोव्हिएत अवतरण-कुप्यांचं, म्हणजे ग्रहावर खाली सोडल्या जाणाऱ्या यानाच्या बंद भागांचं, कवच टायटॅनियमचं होतं आणि टायटॅनियम सोळाशे अंशांच्या वर वितळतं. अर्थात, कवच वितळलं नाही म्हणून आतली उपकरणं वाचतील असं नाही. ती त्याच्या कितीतरी आधी बंद पडतात. खरं उत्तर वेळेत आहे. बाहेर कितीही उष्णता असली तरी ती आत पोहोचायला वेळ लागतो, आणि अभियंत्यांनी सगळी लढाई तो वेळ वाढवण्यासाठी लढली.

ती कशी लढली ते बघा. वातावरणात शिरण्याआधीच कुपी आतून थंड करून घ्यायची. कवचाला उष्णतारोधकाचे जाड थर द्यायचे. आत लिथियम नायट्रेटचा जलयुक्त क्षार ठेवायचा, जो ३० अंशांच्या आसपास वितळतो. पेल्यातला बर्फ पूर्ण वितळेपर्यंत पाणी जसं गारच राहतं, तसा हा क्षार वितळत असेपर्यंत आत शिरणारी उष्णता गिळत राहतो. तो संपला की आतलं तापमान चढू लागतं आणि यानाचा शेवट जवळ येतो. कॅमेरा उघड्यावर नव्हताच. तो कवचाच्या आत बसवलेला होता आणि क्वार्ट्झच्या खिडकीतून, हलत्या आरशाच्या मदतीने, बाहेरचं दृश्य एकेक रेघ करून टिपत होता.

या सगळ्या खटाटोपातून किती वेळ मिळाला? १९७२ साली व्हेनेरा ८ ला पृष्ठभागावर ५० मिनिटं. १९७५ साली व्हेनेरा ९ कडून ५३ मिनिटं संदेश आले आणि व्हेनेरा १० कडून ६५. या दोघांच्या बाबतीत तर संदेश पुढे पाठवणारं, कक्षेत फिरणारं यान टप्प्याबाहेर गेलं म्हणून संपर्क संपला. १९८२ साली व्हेनेरा १४ चालली ५७ मिनिटं. आणि व्हेनेरा १३, जिच्याकडून ३२ मिनिटांची अपेक्षा होती, ती १२७ मिनिटं बोलत राहिली. यान तिथे कायमचं टिकलं असा दावा कुणीही, कधीही केलेला नाही. "एवढ्या उष्णतेत टिकणं अशक्य" हे मेसेज लिहिणाऱ्याने जणू शोधून काढल्यासारखं सांगितलं आहे. पण यान बांधणाऱ्यांची सुरुवातच तिथून झाली होती.

आता रशियाची "कबुली". इथे थोडं मान्य करावं लागतं, कारण यात अर्धं सत्य आहे. १८ ऑक्टोबर १९६७ ला व्हेनेरा ४ शुक्राच्या वातावरणात शिरलं आणि परग्रहाच्या वातावरणातून थेट मोजमापं पाठवणारं पहिलं यान ठरलं. संदेश थांबले तेव्हा यान पृष्ठभागावर पोहोचलं असं सोव्हिएत बाजूने जाहीर करण्यात आलं. ते चूक होतं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचं मरीनर ५ शुक्राजवळून गेलं. त्याची रेडिओ मोजमापं आणि पृथ्वीवरून रडारने काढलेली शुक्राची त्रिज्या जुळवून पाहिल्यावर कळलं की व्हेनेरा ४ जमिनीपासून सुमारे २५ किलोमीटर उंचीवरच गप्प झालं होतं.

पण या चुकीतून मेसेजवाल्याला जे सिद्ध करायचं आहे त्याच्या नेमकं उलट सिद्ध होतं. अवकाशस्पर्धा ऐन भरात असताना एका देशाचा दावा दुसऱ्या देशाच्या यानाने तपासला, त्यातली चूक बाहेर आली, आणि ज्यांची चूक होती त्यांनी पुढची यानं त्या हिशोबाने बदलली. १९६९ ची व्हेनेरा ५ आणि ६ फक्त पृथ्वीवरच्या हवेच्या २५ पट दाब सोसू शकतील एवढीच मजबूत होती. ती जमिनीपर्यंत जाणार नाहीत हे उघड होतं, म्हणून त्यांना लहान पॅराशूट दिले, जेणेकरून मरण्याआधी ती जास्त खोल उतरतील. दोन्ही वाटेतच चिरडली गेली. त्यानंतरचं व्हेनेरा ७ बांधलं ते १८० पट दाबासाठी.

व्हेनेरा ७ ची हकिगत तर प्रत्येकाने वाचावी. १५ डिसेंबर १९७० ला खाली येताना त्याच्या पॅराशूटने दगा दिला. कुपी सेकंदाला सुमारे १६ मीटर वेगाने जमिनीवर आदळली आणि संदेश बंद पडल्यासारखं वाटलं. यान गेलं असंच सगळ्यांनी धरून चाललं होतं. काही आठवड्यांनी ध्वनिमुद्रित फिती पुन्हा तपासताना गोंगाटात पुरलेला एक क्षीण संदेश सापडला, नेहमीच्या ताकदीच्या जेमतेम एक टक्का. कुपी बहुधा कलंडली होती आणि अँटेनाचं तोंड पृथ्वीकडे राहिलं नव्हतं. तो संदेश २३ मिनिटांचा होता. त्यातही आतली एक स्विचयंत्रणा अडकल्यामुळे दाबाचा आकडा आलाच नाही, फक्त तापमान आलं: ४७५ अंश, सारखं तेवढंच. खाली उतरताना वाढत जाणारं तापमान एका जागी थांबलं, याचा अर्थ यानही थांबलं होतं. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून माणसाला मिळालेला हा पहिला संदेश. बनावट करणाऱ्याने पॅराशूट फाटल्याची, यान कलंडल्याची आणि निम्मी मोजमापं हरवल्याची बनावट कशाला केली असती?

फोटोंचा मुद्दा सगळ्यांत चीड आणणारा आहे. मेसेजमध्ये एका ओळीत म्हटलंय की फोटो स्टुडिओत काढले. तीन ओळी खाली म्हटलंय की २०१२ मध्ये एका रशियन शास्त्रज्ञाने त्याच फोटोंत विंचवासारखा जीव दाखवला आणि तो लपवला गेला. दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा! फोटो खोटे असतील तर विंचू कुठून आला? विंचू खरा असेल तर यान उतरलं होतं. लिओनीद क्सानफोमालिती या शास्त्रज्ञांनी तसा लेख लिहिला होता हे खरं आहे. ज्याला त्यांनी हलणारी चकती म्हटलं ते कॅमेऱ्याचं निसटून पडलेलं झाकण होतं, आणि "विंचू" म्हणजे चित्राच्या संदेशात मिसळलेला गोंगाट. इतर संशोधकांनी हे मूळ प्रतिमा समोर ठेवून दाखवलं.

मेसेजसोबत जोडलेला फोटो मात्र खरंच मूळ नाही, हे मी मान्य करतो. सरळ क्षितिज, झगमगीत नारिंगी आभाळ, हे सगळं नंतर कुणीतरी संगणकावर जोडून रंगवलेलं आहे. मूळ प्रतिमा शोधून बघा. कॅमेरा तिरका बसवलेला असल्यामुळे मधोमध यानाच्या पायथ्याची जमीन दिसते, चपटे खडक दिसतात, कुपीच्या बुडाशी असलेलं दातेरी कडं दिसतं, आणि क्षितिज फक्त दोन्ही कोपऱ्यांत, तेही तिरपं. व्हेनेरा १३ आणि १४ च्या चित्रांत रंग ताडून पाहायची पट्टीही आहे. तिच्यामुळेच समजतं की तिथल्या दाट हवेतून निळा प्रकाश खाली पोहोचत नाही, म्हणून खडक नारिंगी दिसतात. पांढऱ्या प्रकाशात तेच राखाडी दिसतील. "प्रत्येक फोटोत रंग वेगळा" असाही आक्षेप घेतला जातो, त्याचं कारण एवढंच.

आणि फोटो स्टुडिओतले असतील, तर कॅमेऱ्यांच्या झाकणांचं काय? व्हेनेरा ९ आणि १० वर दोन-दोन कॅमेरे होते, दोन्हींवर एकेक झाकण निघालंच नाही. १९७८ च्या व्हेनेरा ११ आणि १२ वर कुठलंच झाकण निघालं नाही, म्हणून त्यांचा एकही फोटो नाही. व्हेनेरा १४ चं झाकण निघालं, पण ते पडलं नेमकं जमिनीचा कठीणपणा तपासणाऱ्या दांड्याखाली. हे त्याच फोटोत दिसतं. दांडा त्या झाकणावर टेकलेला आहे.

पॅराशूटवर फार शब्द खर्च करत नाही. व्हेनेरा ९ पासून पुढच्या यानांनी पॅराशूट सुमारे ५० किलोमीटर उंचीवरच सोडून दिला होता. तिथे तापमान पाऊणशे अंशांच्या आसपास असतं. त्याखाली हवा इतकी दाट होत जाते की यानाभोवती बसवलेली एक चकतीच वेग आवरायला पुरते. जमिनीला टेकताना वेग सेकंदाला सात-आठ मीटर. रेडिओ लहरी ढगांतून येत नाहीत हा मुद्दा तर सरळ चूक आहे. आम्लाचे ढग प्रकाश अडवतात, रेडिओ लहरी नाही. म्हणूनच अमेरिकेच्या मॅगेलन यानाला १९९० नंतर त्याच ढगांमधून रडारने शुक्राच्या जवळजवळ सगळ्या पृष्ठभागाचा नकाशा काढता आला.

गुरूचं उदाहरण मेसेजमध्ये अर्धवट उचललेलं आहे. ७ डिसेंबर १९९५ ला नासाच्या गॅलिलिओ यानाची कुपी गुरूच्या वातावरणात शिरली तेव्हा वेग खरोखर सेकंदाला ४७ किलोमीटर होता, म्हणजे ताशी सुमारे १ लाख ७० हजार किलोमीटर. राख झाली का? झाली, पण कवचाची. ३३९ किलोच्या कुपीत १५२ किलो नुसतं उष्णताकवच होतं, आणि त्यातलं जवळपास ८० किलो जळून, वाफ होऊन गेलं. ते जाण्यासाठीच होतं. जळून उडणारा प्रत्येक थर आपल्यासोबत उष्णता घेऊन जातो. कवचातच बसवलेल्या संवेदकांनी ते कुठे किती झिजलं हेही कळवलं: नाकाशी अपेक्षेपेक्षा कमी आणि कडेच्या भागात अपेक्षेपेक्षा जास्त. पॅराशूट जवळपास मिनिटभर उशिरा उघडला, कारण वेगबदल ओळखणाऱ्या स्विचांच्या तारा जोडण्यात चूक झाली होती. तरीही कुपीने सुमारे ५८ मिनिटं माहिती पाठवली, आणि ती वैज्ञानिकांच्या अंदाजापेक्षा इतकी कोरडी हवा दाखवत होती की पुढे बराच काळ त्यावर वाद चालला.

हे सगळं एकाच देशाच्या शब्दावर विसंबून आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एकच मोहीम पुरेशी आहे. ९ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेच्या पायोनियर व्हीनस मोहिमेच्या चार कुप्या शुक्रावर वेगवेगळ्या ठिकाणी उतरल्या, एक मोठी आणि तीन लहान. लहान कुप्यांना पॅराशूट नव्हताच. दिवसाच्या बाजूला पडलेली लहान कुपी आदळूनही जगली आणि जमिनीवरून ६७ मिनिटं संदेश पाठवत राहिली. चारही कुप्यांचे बाहेरचे तापमापक सुमारे १२ किलोमीटर उंचीवर बिघडले, आणि नासाने तेही लपवलं नाही. तापमान आणि दाबाचं जे चित्र अमेरिकन कुप्यांनी दिलं, तेच सोव्हिएत कुप्यांनी दिलं होतं. शीतयुद्धात एकमेकांची खोड काढायला टपलेल्या दोन देशांनी एकमेकांचं खोटं सांभाळून घेतलं, असं मानायचं असेल तर पुरावा द्या. नासाच्या अवकाशविज्ञान माहिती केंद्राच्या सूचीत या प्रत्येक मोहिमेची नोंद आहे, सोव्हिएत यानांची आणि अपयशांचीही. ती सगळ्यांना खुली आहे.

राहिला १९८५ चा प्रश्न. त्या वर्षी जूनमध्ये वेगा १ आणि २ या सोव्हिएत यानांनी शुक्रावर कुप्या उतरवल्या आणि सुमारे ५४ किलोमीटर उंचीवर फुगेही सोडले. पृथ्वीवरच्या अनेक देशांतल्या रेडिओ दुर्बिणींनी मिळून त्या फुग्यांचा जवळपास दोन दिवस माग काढला. सहा वर्षांनी सोव्हिएत संघच उरला नाही. तासा-दोन तासांत संपणाऱ्या मोहिमेपेक्षा वर्षानुवर्षं फिरणारी यानं इतरांना जास्त उपयोगी वाटली, म्हणून मॅगेलन, व्हीनस एक्सप्रेस, अकात्सुकी ही शुक्राभोवती फिरणारी यानं गेली. कुप्या सोडण्याची विद्याही कुठे हरवली नव्हती. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स हे युरोपचं यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलं, अडीच तास खाली येत राहिलं आणि उतरल्यावरही बोलत राहिलं. वाऱ्याचा वेग मोजण्यासाठी नेमलेली त्याची संदेशवाहिनी ऐकायचा आदेश मातृयानाला द्यायचाच राहून गेला होता. ती मोजमापं गेलीच असती, पण पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणींनी तो मंद संदेश थेट पकडला होता आणि त्यातून वाऱ्याचा वेग काढता आला. शुक्रासाठीही २०२१ मध्ये नासाने डाविंची ही मोहीम निवडली आहे. तिची कुपी तासभर खाली उतरत वाटेत हवेची रासायनिक तपासणी करेल आणि जमीन जवळ आल्यावर फोटो काढेल. जमिनीवर पोहोचल्यावर ती चालू राहिली तर उत्तमच, पण मोहिमेची आखणी त्या भरवशावर केलेली नाही.