विषाणूला पाय नसतात, तुम्ही आहात ना!

विषाणू ही फार परावलंबी जमात. त्याला चालता येत नाही, खाता येत नाही. वंश वाढवायचा तर दुसऱ्याच्या पेशीत घुसून तिथलीच यंत्रणा राबवावी लागते. अशा निराधाराला आपण नाही तर कोण मदत करणार?

सुरुवात सोपी आहे. घसा खवखवला, अंगात कणकण आली की पॅरासिटामॉल घ्या आणि थेट ऑफिस गाठा. गोळीने ताप उतरतो, विषाणू उतरत नाही. म्हणजे तुम्हाला हुशारी आणि त्याला वाहन, दोघांचीही सोय. फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून तो पसरवू लागतो आणि आजाराचे पहिले तीन-चार दिवस त्याचा जोर सर्वात जास्त असतो. नेमके हेच दिवस रजा वाचवण्यात घालवा. खिडक्या बंद असलेली मीटिंग मिळाली तर सोन्याहून पिवळं.

खोकला आला की तळहात तोंडावर धरा. कोपर, रुमाल वगैरे चोचले नकोत. मग त्याच हाताने लिफ्टचं बटण दाबा, दाराची मूठ फिरवा, कोणाशी तरी हस्तांदोलन करा. पुढचं समोरचा पाहून घेईल. धडधाकट त्वचेतून फ्लूचा विषाणू आत जात नाही, त्याला नाक, डोळे, तोंड लागतं. आणि दर थोड्या वेळाने नाक चोळायचं, हे माणसाला शिकवावं लागत नाही.

गोवराला तर तुमच्या हाताचीही गरज नाही. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकतो, आणि जवळपासच्या प्रतिकारशक्ती नसलेल्या 10 जणांपैकी 9 जणांना तो गाठू शकतो. तुम्ही फक्त मुलांची लस पुढे ढकलत राहा. ‘आमच्या लहानपणी सगळ्यांना गोवर यायचा, काही झालं का?’ असं ठणकावून विचारा. ज्यांना झालं ते उत्तर द्यायला उरलेले नाहीत, त्यामुळे वादात तुम्हीच जिंकाल. शिवाय गोवर शरीराने आधीच्या आजारांशी लढून जमवलेली आठवणही बरीचशी पुसून टाकतो, म्हणजे बाकीच्या जंतूंनाही पुन्हा संधी!

आजारी न पडताही सेवा करता येते. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन स्वतः ठणठणीत होती, पण तिच्या शरीरातले टायफॉइडचे जंतू जेवणाऱ्यांना मिळत राहिले. 1907 मध्ये तिला अलग ठेवलं, पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर 1910 मध्ये सोडलं. 1915 मध्ये ती सापडली ती प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात, बदललेल्या नावाने. निष्ठा असावी तर अशी!

आता औषधं. सर्दीला मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक घ्या. विषाणूवर तिचा काडीचाही परिणाम होत नाही, पण पोटातले साधे जीवाणू मरतात आणि चिवट उरतात. क्षयाचे उपचार साधारण सहा महिने चालतात. खोकला थांबला की तुम्हीही थांबा. औषधाला दाद न देणारे जंतू मग तुमच्याकडून थेट पुढच्याला जातील, त्याला कोर्स अर्धवट सोडण्याचेही कष्ट नकोत.

एवढं करूनही डॉक्टरांनी विचारलंच, ‘गेल्या आठवड्यात कुठे कुठे गेला होतात?’ तर ‘छे, घरीच होतो’ म्हणा. लग्नाचं अजिबात सांगू नका. तिथल्या लोकांना उगाच फोन करत बसतील.