अमेरिकेची अधिकृत भाषा इंग्रजी झाली, म्हणून दुभाषे बेकायदा झाले का?

मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो: "अमेरिकेत आता इंग्रजी कायद्याने अधिकृत भाषा झाली. सरकारी कचेऱ्यांतले परभाषेतले फॉर्म आणि फुकटचे दुभाषे बंद. पूर्वीचे स्थलांतरित आपापले इंग्रजी शिकले, त्यांना कोणी दुभाषे दिले नव्हते. दुभाषा मिळाला की माणूस भाषा शिकत नाही. करदात्यांचा पैसा वाचला. अडलंच तर हातात मोबाईल आहे. आपण महाराष्ट्रात मराठीचा आग्रह धरतो, मग त्यांनी इंग्रजीचा धरला तर काय चुकलं? आणि आपल्याला तर इंग्रजी येतंच."

मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहते आणि वयस्कर मंडळींना सरकारी अर्ज भरायला मदत करते. हा संदेश खरा मानून लोक आपल्या हक्काची मदत मागणंच सोडून देतात, हे मी बघते आहे. म्हणून त्यातली विधानं एकेक करून तपासायला हवीत.

पहिलं, "दुभाषे बंद". १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १४२२४ क्रमांकाचा कार्यकारी आदेश काढला आणि इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवलं, एवढा भाग खरा आहे. बिल क्लिंटन यांनी ऑगस्ट २००० मध्ये काढलेला १३१६६ क्रमांकाचा आदेशही त्यात रद्द झाला. इंग्रजी नीट न येणाऱ्यांपर्यंत सेवा कशा पोचवणार याची योजना आखायला त्या जुन्या आदेशाने केंद्रीय खात्यांना सांगितलं होतं. पण नव्या आदेशातच स्पष्ट लिहिलं आहे की त्यामुळे कोणत्याही खात्याला आपल्या सेवा बदलण्याची किंवा इतर भाषांतली कागदपत्रं थांबवण्याची सक्ती नाही. तो निर्णय त्या त्या खात्याच्या प्रमुखाचा. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने पुढचं पाऊल उचललं, जुनी मार्गदर्शक सूचना मागे घेतली आणि परभाषेतल्या सेवा कमी करा असा सूर लावला. केंद्र मागे सरकतंय, हे मान्यच करायला हवं.

मात्र राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने संसदेचा कायदा पुसला जात नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण सांगतं की केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला वंश, वर्ण किंवा राष्ट्रीय मूळ यावरून भेदभाव करता येणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत इंग्रजी न कळणाऱ्या चिनी वंशाच्या मुलांचा खटला १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. लाऊ विरुद्ध निकोल्स हे त्याचं नाव. सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणून समान वागणूक होत नाही, हे न्यायालयाने तेव्हा एकमताने मान्य केलं. या कायद्याची एक दुबळी बाजूही आहे. नियम वरवर सगळ्यांना सारखा असेल पण त्याची झळ एका समाजालाच बसत असेल, तर अशा तक्रारीवर एकट्या नागरिकाला थेट दावा लावता येत नाही, असं त्याच न्यायालयाने २००१ मध्ये ठरवलं. अंमलबजावणी सरकारच्या मर्जीवर राहते आणि सध्या ती मर्जी पातळ आहे.

म्हणूनच शहरांचे आणि राज्यांचे कायदे महत्त्वाचे ठरतात, आणि संदेश लिहिणाऱ्याने नेमके तेच वगळले आहेत. कॅलिफोर्नियाने राज्याच्या आणि स्थानिक कचेऱ्यांसाठी १९७३ मध्येच द्विभाषिक सेवांचा कायदा केला. सॅन फ्रान्सिस्कोचा शहरी कायदा २००१ चा. न्यूयॉर्क शहराच्या २०१७ च्या स्थानिक कायदा ३० नुसार नागरिकांशी थेट संबंध येणाऱ्या खात्यांना महत्त्वाची कागदपत्रं दहा भाषांत द्यावी लागतात: स्पॅनिश, चिनी, रशियन, बंगाली, हैतीची क्रिओल, कोरियन, अरबी, उर्दू, फ्रेंच आणि पोलिश. बाकी भाषांसाठी फोनवर दुभाषा. न्यू जर्सीत राज्य सरकारच्या खात्यांनी सात भाषांत महत्त्वाची कागदपत्रं द्यावीत, या कायद्यावर जानेवारी २०२४ मध्ये सही झाली. यातला एकही कायदा मार्च २०२५ च्या आदेशाने रद्द झालेला नाही. मतदानाचंही तसंच. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्यात घातलेल्या कलम २०३ मुळे आमच्या क्वीन्समध्ये मतपत्रिका बंगालीतही छापली जाते, आणि २००६ मध्ये संसदेने त्या तरतुदीची मुदत २५ वर्षांनी वाढवली.

"पूर्वीच्यांना कोणी दुभाषे दिले नव्हते" हे विधान सगळ्यात जास्त टाळ्या घेतं, आणि इतिहासाच्या कसोटीवर सगळ्यात आधी कोसळतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ च्या जुलैतच फिलाडेल्फियात जर्मनमध्ये छापला गेला होता, कारण पेनसिल्व्हेनियात जर्मन बोलणारी वस्ती मोठी होती आणि तिला आपल्या बाजूला घ्यायचं होतं. ओहायोत १८३९ च्या कायद्याने पालकांनी मागितल्यास सरकारी शाळेत जर्मनमधून शिकवण्याची सोय केली. कॅलिफोर्नियाची १८४९ ची पहिली राज्यघटना बनवणाऱ्या सभेत स्पॅनिशभाषक सदस्य बसले होते, त्यांच्यासाठी अनुवादक होता, आणि राज्याचे सगळे कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत छापावेत असं त्या घटनेतच लिहिलं गेलं. तीस वर्षांनी, १८७९ च्या घटनेत, ते कलम काढून टाकलं. म्हणजे सोय आधी होती. ती नंतर काढून घेतली गेली.

आणि न्यूयॉर्क बंदरातलं एलिस बेट? १८९२ पासून १९५४ पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख माणसं ज्या दारातून आत आली, तिथे सरकार पगारी दुभाषे ठेवत असे. त्यांपैकी एक तरुण १९०७ ते १९१० या काळात तिथे इटालियन, जर्मन आणि क्रोएशियन बोलणाऱ्यांसाठी दुभाष्याचं काम करत होता आणि जोडीला कायद्याचं शिक्षण घेत होता. त्याचं नाव फिओरेलो ला गार्डिया. पुढे १९३४ पासून बारा वर्षं तो न्यूयॉर्कचा महापौर होता. आमच्या क्वीन्समधल्या ला गार्डिया विमानतळाला दिलेलं नाव या सरकारी दुभाष्याचं आहे.

पहिल्या महायुद्धाच्या लाटेत मात्र वारं फिरलं. नेब्रास्काने १९१९ मध्ये आठवी पास न झालेल्या मुलांना इंग्रजीखेरीज दुसरी आधुनिक भाषा शिकवणं गुन्हा ठरवलं, आणि एका दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवल्याबद्दल रॉबर्ट मेयर या शिक्षकाला दंड झाला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला. राज्यघटनेचं संरक्षण जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांना आहे तसंच इतर भाषा बोलणाऱ्यांनाही आहे, असं त्या निकालात लिहिलेलं आहे. त्या निकालाला शंभर वर्षं उलटून गेली आहेत.

"दुभाषा मिळाला की माणूस इंग्रजी शिकत नाही." हे म्हणणाऱ्यांनी आपल्याच घरात डोकावावं. उत्तर अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळं रविवारी मराठी शाळा का चालवतात? कारण इथे जन्मलेली मुलं बालवाडीत जायला लागली की वर्षभरात आजीला इंग्रजीत उत्तरं देऊ लागतात. प्रत्येक स्थलांतरित समाजाची ही तक्रार आहे. धोका असतो तो घरातल्या भाषेला. इंग्रजीला या देशात कुणापासूनही भय नाही. मोठी माणसंही शिकायला तयार असतात. ग्रंथालयांत आणि कम्युनिटी कॉलेजांत चालणाऱ्या प्रौढांच्या इंग्रजी वर्गांना प्रतीक्षायाद्या असतात. पण हॉटेलच्या मुदपाकखान्यात दोन पाळ्या करणाऱ्याला भाषा यायला काही वर्षं जातात, आणि घर खाली करण्याची नोटीस, मुलाचा ताप, शाळेचं पत्र ही कामं त्याच आठवड्यात निस्तरावी लागतात.

केंद्रीय कायद्यालाही हे कळतं. वय ५० आणि कायम रहिवास २० वर्षं, किंवा वय ५५ आणि रहिवास १५ वर्षं असेल, तर नागरिकत्वासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागत नाही. इतिहास आणि नागरिकशास्त्राची परीक्षा स्वतःच्या भाषेत दुभाष्यामार्फत देता येते. म्हणजे इंग्रजी न येणारा माणूस अमेरिकेचा पूर्ण नागरिक, पूर्ण मतदार असू शकतो, हे खुद्द कायद्याने गृहीत धरलेलं आहे.

आता पैशाचं. केंद्राच्या अर्थसंकल्प कचेरीने २००२ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात, भाषासेवांमुळे दवाखान्यातल्या एका सरासरी भेटीचा खर्च अर्ध्या टक्क्याने वाढेल असा अंदाज मांडला होता. फोनवरच्या दुभाष्याचे पैसे मिनिटांवर मोजले जातात. न्यूयॉर्कची ३११ ही मदतवाहिनी १७५ हून अधिक भाषांत चालते, ती याच पद्धतीवर. शिवाय कर देणाऱ्यांत इंग्रजी न येणारेही आहेत. विक्रीकर दुकानात भाषा विचारून लागत नाही.

खर्चाची दुसरी बाजू मात्र संदेशवाले कधीच मोजत नाहीत. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचे अवशेष न्यूयॉर्कवर आले. सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच, म्हणजे ८० मिलिमीटर पाऊस पडला. या शहरासाठी आणीबाणीच्या पातळीचा पूर-इशारा पहिल्यांदाच निघाला. शहरात १३ माणसं गेली, त्यांतली ११ तळघरातल्या घरांत. बहुतेक तळघरं आमच्या क्वीन्समधली, आणि राहणारे बरेचसे आशियातून आलेले कष्टकरी, त्यांत वुडसाइडचं लहान मूल असलेलं एक कुटुंबही. त्या रात्री फोनवर आलेले इशारे इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये होते. ज्या भागात नेपाळी, बंगाली, चिनी, पंजाबी बोललं जातं, तिथे हा इशारा अनेक घरांत केवळ एक कर्कश आवाज म्हणून पोचला. सगळा दोष भाषेचा नव्हता. बेकायदा बांधलेली तळघरं होती, बाहेर पडायला दुसरं दार नव्हतं. पण इशारा द्यायचा आणि तो ऐकणाऱ्याला कळणार नाही अशा भाषेत द्यायचा, हा कसला वाचवलेला पैसा? त्यानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, केंद्रीय दूरसंचार आयोगाने असे इशारे इंग्रजीशिवाय आणखी १३ भाषांत देता यावेत असा नियम मंजूर केला. पुरात, साथीत, गॅस गळतीत एका घराला सूचना कळली नाही तर धोका शेजारच्या घरालाही असतो, आणि शेजारच्या घरात कदाचित अस्खलित इंग्रजी बोललं जात असेल.

मोबाईलच्या मुद्द्यावर फार वेळ घालवायला नको. करोनाची लस नुकतीच आली होती तेव्हा व्हर्जिनिया राज्याच्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळाने स्पॅनिश अनुवाद गूगलवर सोडला होता. लस सक्तीची नाही एवढंच मूळ पानाला सांगायचं होतं. अनुवादात लस घ्यायची गरज नाही असं आलं. बसचं वेळापत्रक बघायला यंत्र पुरतं. घटस्फोटाची तारीख, कर्करोगाचं निदान, पोलिसांसमोरचा जबाब यांना जबाबदार माणूस लागतो. तो नसला की घरातलं दहा-बारा वर्षांचं पोर पुढे केलं जातं, आणि आईच्या गर्भाशयाचं दुखणं किंवा बापाची थकलेली भाडी ते डॉक्टरला आणि कारकुनाला समजावतं. कुठल्याही मुलावर ही वेळ येऊ नये.

महाराष्ट्राचा दाखला देणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तो दाखला त्यांच्याच विरुद्ध जातो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. कारभार मराठीत हवा, कारण इथल्या माणसाला तो कळला पाहिजे, हाच त्यामागचा विचार. त्याच महाराष्ट्रात मुंबई महापालिका मराठीबरोबर हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड माध्यमाच्या शाळा चालवत आली आहे. भारतीय राज्यघटनेचं कलम ३५० प्रत्येकाला केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तक्रार अर्ज देण्याचा हक्क देतं. बेळगावातल्या मराठी माणसाला कन्नडबरोबर मराठीत कागद मिळावा असं आपल्याला मनापासून वाटतं. क्वीन्सच्या जॅक्सन हाइट्स वस्तीतल्या नेपाळी बाईसाठी तेच मागायला मग जीभ का अडखळते?

राहिलं शेवटचं, "आपल्याला तर इंग्रजी येतंच". नोकरीसाठी आलेल्याला येतं. त्याने ग्रीन कार्डावर बोलावून घेतलेल्या आईला येतंच असं नाही. साताऱ्याहून सत्तरीत आलेल्या बाईला दवाखान्यात "थोडं थोडं कळतं" म्हणताना मी ऐकलं आहे. तिला छातीत नेमकं कसं दुखतं ते सांगता येत नव्हतं, आणि मुलगा कामावर होता. न्यूयॉर्कच्या दहा भाषांत मराठी नाही, हे खरं. पण फोनवरच्या सेवेत मराठी दुभाषा मागता येतो, आणि २०२० च्या जनगणनेने ज्या ५९ भाषांत मार्गदर्शक पुस्तिका काढल्या त्यांत मराठी होती.

तेव्हा आईबाबांना घेऊन कचेरीत गेलात तर "मराठी" असं भाषेचं नाव घेऊन दुभाषा मागा. भारतीय म्हणजे हिंदी असं धरून कारकून हिंदीचा दुभाषा जोडू लागला तर थांबवा आणि मागणी मराठीची म्हणून नोंदवायला सांगा. न्यूयॉर्कमध्ये नकार मिळाला तर ३११ वर तक्रार करता येते. शहराची भाषांची यादी ठरताना जनगणनेच्या आकड्यांबरोबर शहराच्या शिक्षण खात्याकडे जमा झालेल्या भाषांच्या नोंदीही बघितल्या जातात. आणि जनगणना विभागाचा वार्षिक सर्वेक्षणाचा फॉर्म घरी आला, तर घरात कोणती भाषा बोलता या प्रश्नापुढे मराठी लिहा. त्याच्या खालीच प्रत्येक माणसाला इंग्रजी किती चांगलं येतं असा प्रश्न असतो. तिथे आपली मंडळी आईच्या नावापुढे अभिमानाने "खूप चांगलं" वर खूण करतात. तिला जेवढं येतं तेवढंच लिहा.