पट्टा मिळाला, आता कर्ज कोण देणार?

नागपुरात चारशेच्या वर झोपडपट्ट्या आहेत आणि प्रत्येक निवडणुकीत तिथे पट्टेवाटपाचा, म्हणजे राहत्या जागेच्या हक्काचे कागद वाटण्याचा, कार्यक्रम असतो. पट्टे मिळायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण पट्टा हातात आल्यावर घर उभं करायला पैसा कुठून आणायचा, हे स्टेजवरचं कोणी बोलत नाही.

पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. मिळतो म्हणजे हप्त्याहप्त्याने, काम पुढे सरकेल तसा. तोवर रेती, गिट्टी, सळाख, मिस्त्रीची मजुरी कुठून भागवायची? पांढराबोडीहून धरमपेठेत धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईकडे पगाराची स्लिप नसते, मंजूर नकाशा नसतो, म्हणून बँक उभं करत नाही. मग भिशी उचला, नाहीतर मायक्रोफायनान्स, नाहीतर महिन्याला शेकडा पाचवाला. शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के बाप्पा!

हिशेबच करून बघा. दोन लाख रुपये 24 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता साडेदहा हजारांच्या वर जातो. तेच दोन लाख 6 टक्क्यांनी दहा वर्षांसाठी मिळाले तर हप्ता सव्वादोन हजारांच्या आत. साडेदहा हजारांचा हप्ता भरताना पोरीची शाळा सुटते, सव्वादोन हजारांचा दोन घरची कामं जास्त धरली की निघतो. मला तर अनुदान वाढवण्यापेक्षा असं स्वस्त कर्ज जास्त महत्त्वाचं वाटतं.

बिल्डर येईल, फुकट फ्लॅट देईल, हे मुंबईचं गणित आहे. तिथे विक्रीच्या मजल्यांतून खर्च निघतो. आपल्याकडे रामदासपेठ-धंतोलीच्या आसपासची एखादी वस्ती सोडली तर जमिनीला तेवढा भावच नाही. आणि तरोडी-वांजरीकडची सरकारी घरं कामापासून इतकी लांब, की ऑटोच्या भाड्यातच कमाई जाते.

थायलंडने 2003 मध्ये ‘बान मंकाँग’ कार्यक्रम सुरू केला. त्यात कमी व्याजाचं कर्ज एकेका माणसाला न देता वस्तीच्या बचत गटाच्या सहकारी संस्थेला देतात. जमीन, गल्ल्या, नाल्या, घरं यांचा आराखडा वस्ती स्वतः ठरवते. आपल्याकडेही मुंबई जिल्हा बँक सोसायट्यांना स्वयंपुनर्विकासासाठी, म्हणजे बिल्डरशिवाय स्वतःच इमारत नव्याने बांधायला, कर्ज देतेच की. फक्त तो सगळा मामला जुन्या इमारतीतल्या मध्यमवर्गाचा. आणि आपल्या नागपूर जिल्हा बँकेचे पैसे 2002 च्या रोखे घोटाळ्यात कसे बुडाले, ते नागपूरकराला सांगायला नको.

‘हे लोक पैसे बुडवतील,’ असं म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच. त्यांनी एखाद्या बचत गटाचं रजिस्टर उघडून पाहावं. मोठमोठ्या उद्योगांची थकीत कर्जं बँका निर्लेखित करतात, तेव्हा हीच मंडळी गप्प असतात.

बँकांना 40 टक्के कर्ज प्राधान्य क्षेत्राला, म्हणजे शेती, छोटे उद्योग, स्वस्त घरं अशा कामांना, द्यावं लागतं. त्यातला थोडा वाटा नफा न घेणाऱ्या वस्ती-संस्थांकडे वळवा, व्याजातला फरक राज्याने भरावा, आणि कर्ज बुडलंच तर सुरुवातीचा तोटा सोसायची हमी मनपा आणि नासुप्रने (नागपूर सुधार प्रन्यास) मिळून घ्यावी. नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी, जागा कलेक्टरकडे, बाकीची या दोघांकडे; तीन ऑफिसांच्या चकरा मारण्यातच लोकांची अर्धी मजुरी बुडते, म्हणून खिडकी एकच हवी.

रेल्वेच्या आणि झुडपी जंगलाच्या (सरकारी नोंदीत झुडपांचं जंगल म्हणून लागलेल्या) जमिनीवरच्या वस्त्या तर यात येतच नाहीत. त्यांच्याबद्दल वेगळं लिहीन.