खुलासा : लुईस एका रात्रीत बदलले नाहीत

'टॉल्किन यांनी एका रात्रीत नास्तिक सी. एस. लुईस यांना कॅथलिक केलं,' असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. (टॉल्किन म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक आणि लुईस म्हणजे 'नार्निया'चे; दोघे मित्र होते.)

लुईस कॅथलिक कधीच झाले नाहीत. टॉल्किन श्रद्धावान कॅथलिक होते, लुईस मात्र अखेरपर्यंत अँग्लिकन चर्चमध्येच, म्हणजे कॅथलिकांपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चमध्येच, राहिले.

ती रात्र खरी आहे. १९ सप्टेंबर १९३१ रोजी ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या आवारात पहाटेपर्यंत बोलणं झालं. पण तिथे तिसरा मित्रही होता, ह्यूगो डायसन. त्याचं नाव दरवेळी गळतं, याचं मला वाईट वाटतं. शिवाय त्या रात्री लुईस नास्तिक नव्हतेच. आपण देव मानू लागलो ते १९२९ मध्ये, असं त्यांनीच आत्मचरित्रात लिहिलं आहे. अडलं होतं ते ख्रिस्तापाशी : तो देवाचा पुत्र आहे, हे त्यांना पटत नव्हतं. पुराणकथांनी भारावून जाणाऱ्या या माणसाला मित्रांनी सुचवलं की ख्रिस्ताची कथाही तशीच मनाला भिडू दे, फक्त ती प्रत्यक्ष घडलेली आहे.

तरीही निर्णय तिथे झाला नाही. नऊ दिवसांनी, २८ सप्टेंबरला, भाऊ वॉर्नीच्या मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसून ते व्हिप्सनेड प्राणिसंग्रहालयात गेले. निघताना येशू देवाचा पुत्र आहे यावर विश्वास नव्हता, पोहोचलो तेव्हा होता, एवढंच ते सांगतात. त्या प्रवासात कुणी त्यांच्याशी वाद घातला नव्हता.